सिंकखालचा जोड आणि आपली जयणा



आजचा विषय वाचून काहीजणी म्हणतील, हिला आता लिहायला काही उरलं नाही वाटतं! पण शेवटपर्यंत वाचा. विषय धर्माचाच आहे, फक्त त्याची सुरुवात स्वयंपाकघरातल्या सिंकखालून होते.

गेल्या वर्षी पर्युषणात माझ्या सुनेची अठाई होती. घरात पहिलीच अठाई, त्यामुळे सगळे आनंदात. चौथ्या-पाचव्या दिवशी मला सिंकखाली ओल दिसली. पाइप जिथे नळाच्या कॉकला जोडलाय, तिथल्या पितळी नटातून थेंब थेंब पाणी येत होतं. प्लंबर आला. त्याने नटावर टेफ्लॉनची टेप गुंडाळली, मोठा पाइप पाना लावला आणि अंगातला जोर लावून नट आवळला. "काकू, आता दहा वर्षं बघायला नको." गळती थांबली. मीही त्याला पैसे देऊन मोकळी झाले.

संवत्सरीचं प्रतिक्रमण करून, सगळ्यांना खमावून आम्ही झोपलो. पहाटे उठले तर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. नट उभा चिरला होता. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रात्रीत रिकामी झाली होती. खालच्या कपाटातलं पीठ, डाळी, सगळं भिजलेलं. आणि त्याच सकाळी पारणं! पाहुणे निघालेले, नळ यायला अजून सहा दिवस. शेजारच्या काकूंनी चार हंडे पाणी दिलं, ते गाळून, उकळून आम्ही पारणं पार पाडलं. नंतर टँकर मागवला.

जालन्यात राहणाऱ्या बाईला हजार लिटर म्हणजे काय ते सांगायला नको. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आहे, पैठणहून जायकवाडीचं पाणी येतं, नगरपालिकेची २०२३ साली महानगरपालिकाही झाली, पण आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनीच येतो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी काढला, त्या बायका अजूनही भाजी धुतलेलं पाणी फेकत नाहीत. आणि इथे माझ्या स्वतःच्या घरात, मी झोपलेली असताना, आठवड्याचं पाणी वाहून गेलं.

मग दुसरा प्लंबर आला. वयस्क, कमी बोलणारा. त्याने जोड पूर्ण उघडला आणि पाइपाचं टोक माझ्यासमोर धरलं. आत रबराची बारीक गोल रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. ती एका बाजूने कापली गेली होती. "बाई, गळत होतं ते यामुळे. नट कितीही आवळला तरी कापलेली रिंग जुळून येते का?" काही रुपयांची रिंग! ती बदलायच्या ऐवजी आम्ही जोर लावला होता.

त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. मी बी.कॉम. आहे, पाइपांचं शिक्षण माझ्याकडे नाही. पण हिशेब येतो. म्हणून आधी हिशेबच सांगते. पहिल्यांदा ओल दिसली तेव्हा मी खाली पेला ठेवला होता. पाव लिटरचा पेला वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला पाऊण लिटर, दिवसाला अठरा लिटर. नळाच्या दोन पाळ्यांमध्ये दहा दिवस धरले तर एकशे ऐंशी लिटर. जवळजवळ एक मोठा ड्रम! ज्या गळतीकडे आपण "नंतर बघू" म्हणतो, ती ही.

आता धर्माकडे येते. पाण्याच्या एका थेंबात असंख्यात अप्काय जीव आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून पाणी गाळतो, मोजून वापरतो. पण गळती तेवढ्यावर थांबत नाही. ओल राहिली की कपाटाच्या कोपऱ्यात हिरवी-काळी लीलण-फूलण येते, तिथे अनंत जीव. मग मुंग्या येतात, झुरळं येतात, कोळी जाळं विणतो. आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "औषध मारून घेऊ." एका रिंगेपासून सुरू झालेली गोष्ट तिथपर्यंत जाते.

सामायिकाला बसताना आपण इरियावहियं म्हणतो. त्याचा अर्थ आठवा. ओस, मुंग्यांची बिळं, फूलण, कच्चं पाणी, माती, कोळ्याचं जाळं, यांना आपल्यामुळे काही पीडा झाली असेल तर ती मिथ्या होवो. त्या दिवशी सिंकखाली गुडघ्यावर बसून पुसताना मला ती सगळी यादी डोळ्यांसमोर दिसली. वर्षानुवर्षं पाठ म्हणत आले, आणि यादी माझ्याच कपाटात होती.

आपल्या आठव्या व्रतात अनर्थदंड येतो. कारण नसताना होणारी हिंसा. स्वयंपाकाला पाणी लागतं, आंघोळीला लागतं, तिथे काहीतरी प्रयोजन आहे. गळणाऱ्या पाण्याला कोणतं प्रयोजन? ना कुणाची तहान भागली, ना भांडं घासलं गेलं. निव्वळ प्रमाद. म्हणून माझं ठाम मत आहे की घरातले पाण्याचे जोड कोणते, कुठे आणि कसे बसवले आहेत, हे श्राविकेला माहीत असायलाच हवं. हा जयणेचाच भाग आहे.

आता कामाचं सांगते. ज्या जोडाने माझी फजिती केली, त्याला कम्प्रेशन जोड म्हणतात. यात सोल्युशन लावून चिकटवायचं नसतं, की आच देऊन डाग लावायचा नसतो. पाइपावर नट चढवायचा, मग रिंग, पाइप फिटिंगमध्ये आतपर्यंत सरकवायचा आणि नट फिरवायचा. नट रिंगेला दाबतो, रिंग पाइपाला घट्ट धरते. आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागांमध्ये काळ्या पाइपाला जे मोठे प्लास्टिकचे नट असतात, तेही याच जातीचे. घरात ॲल्युमिनियमचा थर असलेल्या कंपोझिट पाइपाला ते पितळेचे असतात.

मला हा जोड आवडतो, एवढं होऊनही. कारण तो उघडता येतो. सोल्युशनचा जोड बिघडला तर पाइप कापावाच लागतो. हा उघडून, दोष बघून, रिंग बदलून पुन्हा लावता येतो. पण म्हणूनच तो डोळ्यांसमोर असायला हवा. भिंतीत, फरशीखाली, टाइल्समागे हा जोड घालू देऊ नका. तिथे सीपीव्हीसीचा नीट चिकटवलेला जोडच बरा. जो उघडायचा आहे तो बाहेर, जो उघडायचा नाही तो आत, एवढं लक्षात ठेवा.

खरेदीत सगळ्यात मोठी चूक मापाची होते. दुकानात आपण "अर्धा इंची द्या" म्हणतो. पण अर्धा इंच म्हणजे बाहेरून किती जाड? सीपीव्हीसीचा अर्धा इंची पाइप बाहेरून १५.९ मिलिमीटर असतो. काळा एचडीपीई पाइप, ज्याला लोक अर्धा इंची म्हणतात, तो २० मिलिमीटर. आणि जुना लोखंडी जीआय पाइप २१.३ मिलिमीटरच्या आसपास. नाव एक, जाडी तीन! कम्प्रेशनची रिंग तर बाहेरच्या जाडीवरच बसते. कंपोझिट पाइपावर १२१६ असा आकडा छापलेला दिसेल. आतून १२, बाहेरून १६ मिलिमीटर. तो आकडा कागदावर लिहून न्या, किंवा पाइपाचा छोटा तुकडाच पिशवीत टाका. ब्लाउजला मॅचिंग घ्यायला आपण साडी घेऊन जातोच की!

पितळ खरं आहे का, ते वजनावरून कळतं. हलकं लागलं आणि न दिसणाऱ्या जागी खरवडल्यावर पिवळ्याखाली पांढुरकं दिसलं, तर ते वरचा मुलामा आहे. पाइपावर आयएसआयची खूण बघा. सीपीव्हीसीला आयएस १५७७८, एचडीपीईला आयएस ४९८४ असा क्रमांक असतो. गिझरच्या गरम पाण्याला काळा पाइप आणि त्याचे प्लास्टिकचे नट वापरू नका, ते थंड पाण्यासाठीच असतात. कंपोझिट पाइपातही गरम पाण्याची जात वेगळी असते, पाइपावर तापमान छापलेलं वाचा. चार जास्तीच्या ओ-रिंगा घेऊन डबीत ठेवा. आणि बिल घ्या, बिल! पक्कं बिल नसेल तर बदलून मागायचं कशाच्या जोरावर?

बसवताना आपण शेजारी उभं राहायचं. प्लंबरवर अविश्वास म्हणून नाही, आपलं घर म्हणून. चार गोष्टी बघायच्या.

पाइप सरळ, काटकोनात कापला पाहिजे. करवतीने वाकडातिकडा कापला तर रिंग एका बाजूने बसत नाही. कापण्यासाठी कटर असतो, तो आणायला सांगा.

कापल्यावर टोकाची धार काढली पाहिजे. कंपोझिट पाइप कापताना दबून चपटा होतो, त्याला रीमरने पुन्हा गोल करायचा आणि आतली कड घासायची. हे केलं नाही म्हणूनच माझी ओ-रिंग कापली गेली होती.

पाइप आतपर्यंत गेला पाहिजे. आधी पेनने खूण करून घ्यायची आणि ती खूण नटाच्या कडेपर्यंत पोचली का ते बघायचं. जड जात असेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. तेलाने रबर फुगतं.

आणि आवळणं. आधी हाताने जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा, मग दोन पाने घेऊन, एकाने फिटिंग धरून दुसऱ्याने नट फिरवायचा. पितळी नटाला हाताच्या पुढे साधारण एक ते सव्वा फेरा पुरतो. बागेतले छोटे प्लास्टिकचे नट तर गडीमाणसं हातानेच लावतात. टेफ्लॉनची टेप फक्त आट्यांवर पाणी अडवायचं असतं तिथे, म्हणजे कॉक भिंतीत बसवताना. कम्प्रेशनच्या नटाला टेपची गरजच नसते, कारण पाणी आटे अडवत नाहीत, रिंग अडवते. कुणी तिथे टेप गुंडाळू लागला तर समजा की दोष सापडलेला नाही.

झाल्यावर जोड कोरडा पुसून खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि टाकी भरलेली असताना रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कागदावर डाग नसेल तर काम झालं. आठ दिवसांनी पुन्हा एकदा बघा.

घराबाहेरच्या जोडाकडेही लक्ष द्या. रस्त्यावरच्या लाइनपासून आपल्या घरापर्यंत येणारा पाइप पुष्कळदा नालीतून गेलेला असतो. आपल्याकडे नळ सतत चालू नसतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि सैल जोडातून नालीचं पाणी आत शिरू शकतं. ते पाणी कितीही गाळलं तरी शुद्ध होत नाही. नळाला सुरुवातीला वास येत असेल तर आधी तिथला जोड तपासा.

माझी एक मैत्रीण स्थानकात मला म्हणाली, "अगं, हे सगळं आरंभ-समारंभाचं काम. श्राविकेने त्यात किती शिरायचं?" तिचा मुद्दा मी मनावर घेतला. पण साधू-साध्वींनी घर सोडलंय, आपण नाही. आपल्या घरात नळ आहे, टाकी आहे, गिझर आहे. आरंभ तर होतोच आहे. तो कमीत कमी करणं आपल्या हातात आहे, आणि माहिती नसताना तो वाढतो. दुसरी म्हणाली, "ही पुरुषांची कामं." आमच्याकडे पुरुष सकाळी दुकानात जातात, रात्री येतात. सिंकखालची ओल बाईलाच दिसते. जिला दिसते, तिलाच कळायला हवं.

आणि त्या पहिल्या प्लंबरवर माझा राग आहे का? होता. पण खरं सांगू, मीही त्या दिवशी कपाटाचं दार लावून टाकलं होतं, उघडून पाहिलं नव्हतं. गळती थांबली एवढ्यावर समाधान मानलं. जोर लावला की काम होतं, हा माझाही समज होता. मुलांना, सुनांनाही आपण कितीदा असंच आवळतो! आत नेमकं काय दुखतंय, ते उघडून बघत नाही.

तर एवढं करा. आज दुपारी सिंकखालचं दार उघडा, हात फिरवा, ओल आहे का बघा. घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते सुनेला, नातवंडांना दाखवून ठेवा. त्या पहाटे तो मला अंधारात सापडत नव्हता. आता आमच्या सात वर्षांच्या नातवालाही तो बंद करता येतो.

लिहिताना कुणाच्या कामाबद्दल कमी-जास्त बोलले असेन तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.