टीव्ही जुना, स्टिक नवी: घेण्याआधी काय पाहाल?

टीव्ही सात-आठ वर्षांचा आहे, चित्र अजून छान दिसतं, आवाजही ठीक आहे. पण आतली ॲप्स उघडत नाहीत, किंवा उघडायला इतका वेळ घेतात की तेवढ्यात चहा होतो. असं बऱ्याच घरांत झालंय. स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षं सहज टिकतो, पण त्यातलं सॉफ्टवेअर त्याआधीच म्हातारं होतं. डिसेंबर 2019 मध्ये सॅमसंगच्या 2010 आणि 2011 सालच्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स चालणं बंद झालं. टीव्ही बिघडले नव्हते, ॲपने साथ सोडली होती.

अशा वेळी नवा टीव्ही घ्यायची घाई करू नका. टीव्हीच्या मागे लावायची छोटी स्टिक किंवा बॉक्स घेतला की काम भागतं. फायर टीव्ही स्टिक, शाओमीची टीव्ही स्टिक यांसारखी उपकरणं साधारण चार ते सात हजारांत मिळतात, सणासुदीच्या सेलमध्ये त्याहून स्वस्त. ॲपल टीव्ही फोर-के मात्र पंधरा हजारांच्या घरात जातो. घरात सगळ्यांकडे आयफोन असतील तरच त्याचा विचार करा.

पण विकत घेताना आपण बघतो काय? फोर-के आहे का, मेमरी किती, किती स्टार मिळालेत. ती स्टिक वापरणार कोण, हे कुणी विचारत नाही. नोकरी करणारे सकाळी बाहेर पडतात, मुलं शाळेत जातात आणि दिवसभर टीव्हीसमोर असतात आजी किंवा आजोबा. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेंगळुरू अशा शहरांतल्या मराठी घरांत तर हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. आजूबाजूला आपली भाषा कानावर पडत नाही, केबलच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये मराठी वाहिन्या असतीलच असं नाही. दुपारची मालिका हाच मराठीशी रोजचा संबंध उरतो. ती मालिका आजीला कुणालाही फोन न करता लावता आली पाहिजे. माझ्या मते स्टिक निवडण्याची पहिली कसोटी हीच.

रिमोट आधी, बाकी नंतर

ज्येष्ठांची अडचण ॲपमध्ये कमी आणि रिमोटमध्ये जास्त असते. टीव्हीचा एक रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा दुसरा, त्यात स्टिकचा तिसरा. चुकून ‘सोर्स’चं बटण दाबलं जातं, पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं आणि मग संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत टीव्ही बंद. दुपारी दोन वाजता ऑफिसात फोन येतो तो याचसाठी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, स्टिकच्याच रिमोटवर टीव्ही चालू-बंद करायचं आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण असावं. फायर टीव्ही स्टिकच्या आताच्या रिमोटवर ते असतं. स्टिक पहिल्यांदा लावताना टीव्हीची कंपनी निवडायची, की तो रिमोट टीव्हीलाही चालतो. दुसरा उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. त्याचं नाव एचडीएमआय-सीईसी. कंपन्या त्याला आपापली नावं देतात: सॅमसंगमध्ये ‘ॲनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. ते चालू केलं की स्टिकचं बटण दाबताच टीव्ही जागा होतो आणि बहुतेक टीव्हींवर आपोआप योग्य सोर्सवर येतो. मग टीव्हीचा मूळ रिमोट सरळ कपाटात ठेवून द्या. (बॅटऱ्या काढून. आत राहिल्या तर वर्षभराने त्या पाझरलेल्या सापडतात.)

याच कारणासाठी ज्यांना स्वतःचा रिमोटच नव्हता ते जुने क्रोमकास्ट ज्येष्ठांच्या घरात उपयोगाचे ठरले नाहीत. भारतात ते डिसेंबर 2014 मध्ये 2,999 रुपयांना आले. किंमत चांगली होती, पण सगळं फोनवरून चालवायचं. तरुण जोडप्याला ते छान जमतं. ज्या आजीचा फोनच मुळात बटणांचा आहे, तिने काय करावं?

आवाजाने शोधायची सोय आता बहुतेक रिमोटमध्ये असते आणि टाइप करण्यापेक्षा ती कितीतरी सोपी. फक्त आपली मराठी त्याला कितपत कळते, ते दुकानात मालिकेचं नाव मोठ्याने म्हणून बघा. लाजू नका, पैसे तुम्ही देणार आहात.

कोणती वाहिनी कुठे दिसते, हेही आधी कागदावर लिहा. झी मराठीच्या मालिका झी5 वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. घरात जे लागतं ते ॲप त्या स्टिकच्या स्टोअरमध्ये आहे ना, एवढं पाहायचं. स्टोअरबाहेरून ॲप आणून टाकू, असा भरवसा ठेवू नका. ॲमेझॉनच्या 2025 मध्ये आलेल्या ‘फोर-के सिलेक्ट’ स्टिकमध्ये अँड्रॉइड नाही, वेगा नावाची वेगळी प्रणाली आहे. तिथे अँड्रॉइडचं ॲप बाहेरून घालता येत नाही.

फोर-के घ्यावं का?

टीव्ही फोर-के नसेल तर फोर-के स्टिकमुळे चित्र सुधारणार नाही. तरीही हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर ती घ्या, असं मी सांगेन. कारण वेगळं आहे. साध्या एचडी स्टिकमध्ये बऱ्याचदा 1 जीबी मेमरी असते. शाओमीच्या फोर-के स्टिकमध्ये आणि फायर टीव्हीच्या फोर-के मॅक्समध्ये ती 2 जीबी आहे. दोन वर्षांनी ॲप्स जड होतात, तेव्हा हा फरक जाणवतो. रिमोट दाबल्यावर काहीच झालं नाही म्हणून ज्येष्ठ माणूस पुन्हा दाबतो, मग आणखी एकदा, आणि अखेर भलतंच काहीतरी उघडतं.

इंटरनेटचं गणित मात्र मांडाच. नेटफ्लिक्सच्या हिशेबाने फुल एचडीसाठी 5 एमबीपीएस आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस वेग लागतो. डेटा जातो एचडीला तासाला 3 जीबीपर्यंत आणि फोर-केला 7 जीबीपर्यंत. म्हणजे घरात ब्रॉडबँड नसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायचं असेल, तर रोजचा 2 जीबीचा पॅक एका सिनेमालाही पुरणार नाही. ॲपमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी करून ठेवा, छोट्या पडद्यावर फारसं बिघडत नाही.

ब्रॉडबँड असेल तर आधी एक फोन कंपनीला करा. जिओ आणि एअरटेलच्या काही प्लॅनसोबत अँड्रॉइडवर चालणारा बॉक्स मिळतो. तो मिळत असेल तर वेगळी स्टिक कशाला? मात्र बँक, रेल्वे किंवा सैन्यात असणाऱ्या, दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं. कनेक्शन सोडताना असा बॉक्स सहसा परत द्यावा लागतो. स्वतःची स्टिक खिशात घालून नव्या गावी नेता येते.

आणि फुकट मिळालेला प्लॅन टीव्हीवर चालतो का, तेही तपासा. नेटफ्लिक्सने डिसेंबर 2021 मध्ये भारतातले दर कमी केले, तेव्हा 149 रुपयांना केला तो मोबाइल प्लॅन. तो टीव्हीवर चालतच नाही. मोबाइल रिचार्जसोबत येणाऱ्या इतर ॲप्सच्या वर्गणीचंही पुष्कळदा असंच असतं. स्टिक एकदाच घ्यायची असते, वर्गणी दर महिन्याला जाते. एकेका महिन्याला एकच ॲप घेणं, हा माझ्या ओळखीच्या अनेक गृहिणींचा उपाय आहे आणि तो चांगला आहे.

स्वस्त बॉक्सपासून सावध

ऑनलाइन दोन-अडीच हजारांत ‘सगळे चॅनेल कायम फुकट’ म्हणणारे, नाव-गाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स दिसतात. ते घेऊ नका. एकतर त्यांना नेटफ्लिक्ससारख्या सेवांची मान्यता नसते, त्यामुळे ॲप चाललंच तर चित्र जुन्या डीव्हीडीसारखं दिसतं. पण खरा धोका दुसरा आहे. जानेवारी 2023 मध्ये ‘टी95’ नावाच्या अशा एका बॉक्समध्ये आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेलं सापडलं. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’बद्दल इशारा दिला. अशी उपकरणं घरच्या वाय-फायवर बसून मालकाच्या नकळत गुन्हेगारांचं इंटरनेटवरचं काम त्याच्या कनेक्शनवरून करतात. ज्या वाय-फायवर तुमचा बँकेचा व्यवहार चालतो, त्यावर असा पाहुणा नको.

नामांकित कंपनीचं उपकरणही जन्मभर पुरत नाही, हे खरं. मार्च 2025 मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एके दिवशी अचानक बंद पडले. आतल्या एका सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गुगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण ज्यांनी घाईघाईने उपकरण फॅक्टरी रिसेट केलं, त्यांना जास्त त्रास झाला. ज्या मॉडेलचं उत्पादन थांबलंय ते सेलमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

घरी आणल्यावर

टीव्हीच्या मागे एचडीएमआयचं छिद्र आहे का, हे स्टिक मागवण्याआधीच बघा. फक्त लाल-पांढरी-पिवळी छिद्रं असतील तर वेगळा कन्व्हर्टर लागेल, आणि त्यावर अक्षरं पुसट दिसतात. मग स्टिकपेक्षा नवा टीव्हीच बरा. स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर ती पुरत नाही आणि स्टिक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. भिंतीवरच्या टीव्हीमागे वाय-फाय नीट पोहोचत नसेल तर खोक्यातली छोटी एचडीएमआय वायर जोडा, स्टिक थोडी बाहेर येते आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पहिल्याच दिवशी खरेदीला पिन घाला आणि मुलांचं वेगळं प्रोफाइल करा. आजीला लागणारं ॲप पहिल्या ओळीत, डावीकडून पहिलं ठेवा. मग तिच्या हातात रिमोट द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. तिने हाक मारली तर काय अडलं ते बघा, पण बटण तिलाच दाबू द्या. दोन-तीन दुपारी जातील.

जुनी स्टिक कुणाला देणार असाल, तर आधी तुमची सगळी खाती बंद करून ती फॅक्टरी रिसेट करा. नाहीतर शेजारच्यांनी भाड्याने घेतलेल्या सिनेमाचे पैसे तुमच्या कार्डावरून जातील.