पटाशी हाती द्यावी का?

शिरूर तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांचे सासरे निवृत्त शिक्षक, वय 71. पत्नीच्या निधनानंतर वर्षभर त्यांचे कशातच मन लागत नव्हते. आता मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने तंबोरा करण्याचे मनावर घेतले आहे. ‘‘त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्या हाती पटाशी कशी द्यावी?’’ असे त्या विचारतात.

ताई, आपली भीती अनाठायी नाही. परंतु हत्यारे लपवून ठेवण्यापूर्वी या कामाचे स्वरूप समजून घ्यावे.

आपल्या शिरूरची घोड नदी पुढे भीमेस मिळते आणि भीमा दौंडवरून पंढरपुराकडे जाते. त्या पंढरपूर परिसरात तंबोऱ्याचे भोपळे पिकतात व मिरजेच्या कारागिरांकडे जातात. मिरजेत हा व्यवसाय उभा केला तो एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. धार लावणारे हात वाद्य घडवण्यास शिकले. मग खडू धरणारे हात का शिकणार नाहीत?

मात्र नवशिक्याने सगळा तंबोरा एकट्याने करण्याचा हट्ट धरू नये. तोंड कापून तयार केलेला भोपळा, गळा व दांडी जाणत्या कारागिराकडून घ्यावी. स्वतः घडवावी ती तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारे, किंचित फुगीर असे लाकडी झाकण. ही फळी आधी बाहेरून गोलाई देऊन, मग आतून थोडी थोडी पोखरून पातळ करतात. बोटाच्या पेराने टिचकी मारली की जाड फळी ठक्क वाजते; पातळ होऊ लागली की आवाज मोकळा होतो. परंतु फार पातळ झाली, तर तारांच्या ताणाने घोडीखाली खचते. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. म्हणून पहिला हात साध्या फळीच्या तुकड्यावर बसवावा आणि खऱ्या तबलीवर ‘अजून थोडे’ वाटत असतानाच थांबावे.

आता सुरक्षिततेविषयी. प्रथम डॉक्टरांना विचारावे. मात्र या कामासाठी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फळी शिकंज्यात घट्ट आवळावी आणि दुसरा हात पटाशीच्या पुढे कधीही आणू नये. पटाशी धारदार असावी. बोथट पटाशीवर जोर द्यावा लागतो व ती निसटते. जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. रक्त न थांबल्यास तडक रुग्णालय गाठावे. धनुर्वाताच्या लशीची चौकशी आधीच करून ठेवावी. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील, तर लहान जखमही कळत नाही. काम संपल्यावर हात नीट पाहावेत.

लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसांस घातक असते. पॉलिश पेपर घासताना एन-95 मुखपट्टी लावावी, काम ओसरीवर किंवा अंगणात करावे. भुसा ओल्या फडक्याने टिपावा. तो जमिनीवर राहिला तर पाय घसरतो. जमिनीवर मांडी घालण्याऐवजी पाठ टेकेल अशा खुर्चीवर, भरपूर उजेडात बसावे. अर्ध्या तासाने विश्रांती घ्यावी. सकाळी हात ताजे असतात. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी तिचा अंमल पूर्ण उतरल्यावरच बसावे.

हाताला कंप असेल किंवा विस्मरणाचा विकार असेल, तर धारदार हत्यार देऊ नये. तरीही घासणे, तेल-पॉलिश करणे, टिचकी मारून आवाज पारखणे ही कामे कोणी सोबत असल्यास त्यांना करता येतात. आणि एक लक्षात ठेवावे: छंद हे दुःखावरचे औषध नव्हे. भूक व झोप हरपलेलीच राहिली, जगणे नको असे बोलणे कानी आले, तर विलंब न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तबली बसवणे, तारा चढवणे आणि विशेषतः घोडीची जवारी काढणे हे मात्र जाणत्या हातांचे काम. त्यासाठी दौंडहून रेल्वेने मिरज गाठता येते. जमल्यास आपणही सासऱ्यांसोबत जावे.

तेव्हा ताई, पटाशी द्यावी. पण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून, वरील नियम दोघांनी मिळून ठरवून. पहारेकऱ्यासारखे समोर बसू नये, हाकेच्या अंतरावर असावे. पहिली तबली कदाचित बिघडेल. तेव्हा ‘सांगितले होते’ असे म्हणू नये. दुसरी फळी आणून द्यावी.