पाय कुठे ठेवायचा?

जुन्या बुलेटला नवे रूप द्यायला निघालेला माणूस आधी टाकीचा रंग ठरवतो, मग सीट, मग हँडल, मग सायलेन्सरचा आवाज. पाय कुठे राहणार हा प्रश्न त्याला वेल्डिंगवाल्याच्या दारात पोचल्यावर पडतो आणि पाच मिनिटांत निकालात निघतो. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे. रंग आवडला नाही तर पुन्हा मारता येतो. पाय चुकीच्या जागी गेला तर दर किलोमीटरला त्याची आठवण होते, आणि एखाद्या दिवशी ती फार महागात पडते.

निमित्त झाले सौ.च्या मामेभावाचे. तो असतो डोईफोडियाला. हे गाव मध्यप्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. महाराष्ट्राची सीमा जवळ, जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध. वडिलांची सत्तरच्या दशकातली चार गिअरची बुलेट त्याने बाहेर काढली आहे. त्याला फूटरेस्ट पुढे न्यायचे आहेत, पाय लांब सोडून बसता येईल असे, आणि उजवीकडचा गिअर डावीकडे घ्यायचा आहे. फोनवर म्हणतो, "दाजी, तुमच्या गोव्यात तर सगळे असंच करतात ना?" २०१३ साली वागातोरला सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकची छायाचित्रे पाहून देशभरातल्या पोरांचा असा समज झालेला दिसतो. (फूटरेस्टला ही मंडळी 'पेग' म्हणतात. मी गोव्यात राहतो, त्यामुळे खुलासा करणे भाग आहे.)

तर आधी गिअरचे. १९५५ साली मद्रासला बुलेट जुळवायला सुरुवात झाली ती इंग्लंडच्या घडणीवरून, आणि इंग्रज गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असे, ब्रेक डाव्याला. जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी म्हैसूरला बनत, पण त्यांचे मूळ चेकोस्लोव्हाकियातले. त्यांचा गिअर डावीकडे, आणि गंमत म्हणजे तीच दांडी आत दाबून वर फिरवली की किक होई. म्हणजे आपल्याकडे एकाच रस्त्यावर दोन पायांचे दोन धर्म नांदत होते. अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असा नियम केला, आणि हळूहळू सारे जग तिकडे वळले. आपली बुलेट मात्र उजव्या पायानेच चालत राहिली. २००० नंतर डाव्या गिअरची मॉडेले येऊ लागली आणि २०१० च्या आसपास उजवा गिअर कारखान्यातून गेला.

त्या जुन्या चार गिअरच्या पेटीत पहिला गिअर वर उचलून पडतो, बाकीचे तीन खाली दाबून. आता कल्पना करा. रोज नवी गाडी चालवणारा मुलगा रविवारी आजोबांची बुलेट काढतो. पर्वरीच्या उतारावर समोर गाय येते. त्याचा उजवा पाय विचार न करता खाली दाबतो, कारण रोजच्या गाडीत तिथे ब्रेक असतो. इथे ब्रेक लागत नाही, उलट वरचा गिअर पडतो. गाडी थांबायची सोडून मोकळी पळते.

यावरून कोणी म्हणेल, मग गिअर डावीकडे घेणेच शहाणपणाचे. वरवर पटते. पण गिअर एकटा हलत नाही, त्याच्याबरोबर ब्रेकही हलवावा लागतो. या बुलेटच्या मागच्या चाकाचा ड्रम डावीकडे असतो, पेडल डावीकडे, मधली सळई सरळ. पेडल उजवीकडे नेले की गाडीच्या आरपार एक आडवा दांडा टाकावा लागतो. गिअरलाही तसाच दुसरा. प्रत्येक दांड्याला, प्रत्येक सांध्याला थोडी ढिलाई असते आणि ती वर्षागणिक वाढते. हा ड्रमब्रेक आधीच काही फार जोरकस नव्हे. त्याच्या वाट्याला आलेला पायाचा जोर वाटेत सांध्यांमध्ये मुरवायचा, हे मला पटत नाही. ब्रेक लाइटचा स्विच नव्या पेडलाला जोडायचा राहून गेला तर मागच्याला आपण थांबतो आहोत हेही कळत नाही. म्हणून माझे मत असे की गिअर जिथे आहे तिथेच राहू द्यावा, पुढच्या ब्रेकची सवय करावी, आणि ज्याने मोकळ्या मैदानावर पाय पुरेसा घोटलेला नाही त्याला चावी देऊ नये, मग तो घरचा का असेना. ज्या घरात एकच गाडी चार जण आलटून पालटून चालवणार, तिथे तर जुनी बुलेट असूच नये, असे मी म्हणेन.

आता फूटरेस्टच्या जागेचे. मागे आणि उंच नेलेले फूटरेस्ट ही शर्यतीची गरज. साठच्या दशकात इंग्लंडमधली पोरे कॅफे ते कॅफे गाड्या पळवत. हँडल खाली, छाती टाकीवर, मग पाय मागे जाणारच. हँडल उंच ठेवून नुसते पाय मागे नेले तर माणूस प्रश्नचिन्हासारखा दिसतो. पुढे नेलेले फूटरेस्ट ही अमेरिकेच्या सरळ, रुंद, तासन्‌तास न वळणाऱ्या रस्त्यांची चैन. त्यात पाय शरीराच्या खाली नसतात, म्हणून खड्डा आला की फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. सगळा दणका मणक्यात. पावसाळ्यानंतरचा आपला कुठलाही आतला रस्ता आठवा आणि ठरवा. चोर्ला किंवा अनमोड घाटात गाडी कलली की पुढे काढलेला, खाली राहिलेला फूटरेस्ट रस्त्याला घासण्याची भीती वेगळीच.

मधली मूळ जागा आळशीपणाने ठरलेली नाही. जुन्या बुलेटच्या गिअरपेटीवर टाचेने दाबायची एक छोटी दांडी असते. क्लच धरून ती दाबली की पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला येते. अशी सोय मी दुसऱ्या कुठल्या गाडीवर वापरलेली नाही. पाय पुढे किंवा मागे गेला की टाच तिथे पोचत नाही आणि ही दांडी नुसती शोभेला उरते. गुडघा आखडत असेल तर फूटरेस्ट इंचभर खाली-पुढे घ्यावा, सीट थोडी उचलावी. इंच पुरतो, फूट लागत नाही.

आणि मागे बसणारी? आपल्याकडे बायका एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात. त्यासाठीच डाव्या बाजूला जाळी आणि पाय ठेवायची पट्टी असते. गाडी 'कस्टम' झाली की पहिली कुऱ्हाड साडी गार्डवर पडते, कारण म्हणे लाइन बिघडते. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असेल तर धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचे अर्धे चाक झाकणारे संरक्षण हवेच. लाइन बिघडो की राहो.

नियमांचा विषय निघालाच आहे तर कारकुनाला दोन ओळी लिहू द्या. कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळाली, पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळचे हवे, आणि मग ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. बोल्टाने बसवलेला फूटरेस्ट बदल ठरतो का, यावर अधिकाऱ्याशी वाद घालता येईल. फ्रेम कापून वेल्डिंग केलेल्यावर वाद उरत नाही. तेव्हा जे करायचे ते बोल्टाने, मूळची भोके न बुजवता करावे, आणि काढलेले सुटे भाग पोत्यात बांधून ठेवावेत.

काम सुरू करण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर घ्या. रोज जे पायात असते तेच घालून बसा, बूट असोत वा चप्पल. डोळे मिटून पाय सहज सोडा आणि कुठे येतो तिथे मेस्त्रीला खडूने खूण करायला सांगा. तिथून चवडा न उचलता ब्रेक दाबता येतो का पाहा. मग मागे बसणाऱ्या माणसाला बसवा आणि तिच्याही पायाची खूण घ्या. शेवटी उतरून किक पूर्ण खाली मारा. ती नव्या फूटरेस्टला अडत असेल तर बाकी सगळे जमूनही उपयोग नाही.