सातबारा आणि तलाठ्याची मान
अहिल्यानगर जिल्ह्यातील तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पूर्वी सातबारा हाताने लिहीत. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागल्याने शेतकऱ्याचे हेलपाटे कमी झाले, ही मोलाची सुधारणा होय, परंतु नोंदींचे काम लॅपटॉपवर आले. लॅपटॉपचा पडदा व कळफलक जोडलेले असल्यामुळे हात सोयीच्या उंचीवर ठेवले की मान वाकते आणि सुमारे 5 किलोचे डोके तोलताना मानेमागच्या स्नायूंवरील ताण कितीतरी वाढतो. मणक्यांमधील चकतीला, म्हणजे तेथील लवचिक गादीला, प्रौढपणी थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो व तिच्या पोषणाला हालचालीचा हातभार लागतो. म्हणून उत्तम खुर्चीसुद्धा तासन्तास बसण्याची भरपाई करीत नाही. निदान मान वाकू नये यासाठी प्रत्येक सजाला, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राला, लॅपटॉपसोबतच सुटा कळफलक आणि पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणणारा साधा लाकडी ठोकळाही द्यायला हवा.