फरशी पायांना विचारून घ्या

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे इंग्लंडला गेले होते. जुनं घर घेतलंय त्यांनी. खालच्या मजल्यावर जमीन ऊबदार ठेवायची सोय चालू होती. नळ्या अंथरायच्या, त्यावर सिमेंटचा थर द्यायचा आणि नळ्यांतून गरम पाणी फिरवायचं. मला आपलं नवल! आपण उन्हाळ्यात गार फरशीवर लोळणारी माणसं.

आता वर काय घालायचं, यावर वाद. बाळ रांगतंय म्हणून लेकीला जाड गालिचा हवा, जावईबापूंना ओकचं लाकूड. पण जाड गालिचा म्हणजे शेगडीवर घोंगडी! तो किती ऊब अडवतो हे तिकडे ‘टॉग’ या मापात मोजतात. गालिचा आणि खालचं अस्तर मिळून अडीच टॉगच्या वर नको म्हणे. अखंड लाकूड ऊबेने सुकून आकसतं, फटी पडतात. त्यापेक्षा थर चिकटवलेली फळी बरी, तीही साधारण 27 अंशांपुढे तापू द्यायची नाही. सगळ्यांत सरस दगड नाहीतर टाइल्स. त्यांतून ऊब चटकन वर येते.

‘‘मग टाइल्सच घेऊ, पण मस्त चकचकीत!’’ लेक म्हणाली. तेव्हा मात्र मी तोंड उघडलं.

आठ वर्षांपूर्वी आमच्याकडची शहाबादी फरशी मीच हट्टाने काढायला लावली. का, तर शेजारी आरशासारख्या टाइल्स बसल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई ओल्या पायांनी देवघराकडे जाताना घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढे काठी सुटली नाही. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागतं.

लेक गप्प झाली. आजीची लाडकी ती. शेवटी थोड्या खरबरीत, बिनचकाकीच्या टाइल्स ठरल्या. बाळासाठी पातळ सतरंजी, खेळून झालं की गुंडाळून ठेवायची.

मैत्रिणींनो, गाव कुठलंही असो, दुकानात टाइल नुसती दिव्याखाली बघू नका. तिच्यावर पाणी शिंपडा, चपला काढा, चालून बघा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यालाही विचारा. पाहुणे तासभर बसून कौतुक करून जातात. त्या फरशीवर उभं आयुष्य आपल्यालाच वावरायचं असतं.