आटे गेले

गेल्या रविवारी घरीच मोटारसायकलचं इंजिन ऑईल बदलायला बसलो. खालचा नट बसवताना वाटलं, ऑईल गळायला नको. म्हणून पाना आणखी एकदा फिरवला आणि आटे गेले! चेंबर अॅल्युमिनियमचा, नट लोखंडाचा. मऊ धातूला जास्त जोर सोसत नाही.

गाडी ढकलत गॅरेजवर नेली. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. तो हसला नाही. "सर, माझ्या हातून असे तीन गेलेत," म्हणाला. नवे आटे पाडले, किंचित मोठा नट घेतला आणि पाना माझ्याच हाती दिला. "आवळा. नट टेकला की थोडंसंच."

याच मुलाच्या वहीवर मी लाल रेघा मारायचो. चूक कुठे झाली, हे त्याच्याजवळ बसून कधी पाहिलं नाही. उर्दूत उस्ताद शागिर्दाचा शेर दुरुस्त करून त्यालाच परत देतो; त्याला इस्लाह म्हणतात. हे मी वर्गात शिकवतो, करत मात्र नाही.

आपली पोरं नववी-दहावीत शाळा सोडतात, तेव्हा आपण गरिबीकडे बोट दाखवतो. गरिबी आहेच. पण चुकल्यावर दुसरी संधी गॅरेजात मिळते आणि शाळेत मिळत नाही, तर पोरगं शाळेत थांबेल कशाला?