गाण्याला पैसे नकोत, गाणारे हवेत



नाताळाला अजून अवकाश आहे, म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितो आहे. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मंडळ्यांमध्ये स्वतः गीतं रचणारी, चाली लावणारी तरुण मुलं-मुली आहेत. मोबाईलवर रेकॉर्डिंग करतात, यूट्यूबवर टाकतात. दोन-तीनशे जण बघतात आणि गाणं तिथंच थांबतं. मग कुणाचा तरी मेसेज येतो: इतके रुपये भरा, दहा हजार व्ह्यूज देतो. पोरं पहिल्या पगारातले, ट्यूशनचे पैसे गोळा करून ते भरतात. त्यांना माझं सांगणं सरळ आहे, हे पैसे भरू नका. आणि बाकीच्या आपणा सर्वांना सांगणं असं की त्यांच्यावर ती वेळ आपण आणतो, कारण घरचं नवं गाणं आपण गातच नाही.

विकतचे व्ह्यूज का नकोत ते आधी बघू. असे व्ह्यूज बहुधा यंत्रं देतात, नाहीतर दोन सेकंद बघून पुढं जाणारे लोक. गाणं किती वेळ ऐकलं गेलं हे यूट्यूब मोजतं. दहा हजार जणांनी उघडलं आणि लगेच बंद केलं, तर हे गाणं लोकांना नको आहे असाच त्याचा अर्थ निघतो, आणि खऱ्या श्रोत्याला ते सुचवलं जात नाही. शिवाय हे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. आकडे कापले जातात, कधी व्हिडिओ काढला जातो, चॅनेलसुद्धा जाऊ शकतं.

कमाईचं गाजरही दाखवतात. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघणं लागतं. नाहीतर शॉर्ट्सचे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं १२ महिन्यांत १००० वेळा तरी वाजल्याशिवाय त्याचे पैसेच निघत नाहीत. आपल्या भागातल्या मराठी ख्रिस्ती गीताला हे जड आहे. तेव्हा कमाईचा हिशोब बाजूला ठेवून गाणं पोचवण्याचा विचार करावा.

आपलं गाणं पोचतं कसं? फादर थॉमस स्टीफन्स यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं. त्या काळच्या छापील प्रती आज उरलेल्या नाहीत. ग्रंथ टिकला तो लोकांनी हातानं नकला उतरवून घेतल्या आणि मोठ्यानं वाचल्या म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, पण त्यांची पदं आजही आपल्या उपासनेत आहेत, कारण ती लोकांच्या तोंडी बसली. आपलं गीत ऐकणाऱ्यापेक्षा गाणाऱ्यामुळे पुढं जातं. म्हणून गाणं ऑनलाइन टाकताना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या गावच्या गायकवृंदाला हे येत्या रविवारी म्हणता येईल का?

त्यासाठी खर्च नाही, मेहनत आहे. भजनाच्या पुस्तकाची सूची पहिल्या ओळीवरून असते. लोक इंटरनेटवरही पहिली ओळच शोधतात. तुम्ही गाण्याला ‘कृपा’ असं छान नाव दिलंत, तरी ऐकलेल्या माणसाला मुखडाच आठवणार. म्हणून शीर्षकात पहिली ओळ घाला, पुढं ‘मराठी ख्रिस्ती गीत’ असं लिहा. खाली गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं, काळी दोन की पांढरी चार तो सूर, ताल, आणि सगळं गीत देवनागरीत द्या. त्याखाली रोमन लिपीतही द्या. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकणारी आपली पुष्कळ मुलं घरात मराठी बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. रोमन अक्षरं बघून का होईना, ती मराठीत गातील. सीमाभागात ही गोष्ट लहान नाही.

व्हिडिओसाठी डोंगर-धबधबे फिरायची गरज नाही. एक साधं चित्र आणि त्यावर मोठ्या अक्षरांत गीताचे शब्द पुरेत. ते आजीलाही वाचता येतात आणि चर्चमधल्या पडद्यावरही चालतात. खर्च वाचवा, पण आवाजाची काळजी घ्या. चर्चच्या उंच छताखाली आवाज घुमतो. त्यापेक्षा गाद्या, पडदे, कपडे असलेली घरातली खोली बरी. पंखा बंद करा. फोन गाणाऱ्याजवळ ठेवा, पेटी-तबला थोडा लांब. शब्द कळले नाहीत तर बाकी सगळं वाया. आणि गायनाशिवाय नुसत्या वाद्यांचा ट्रॅक वेगळा टाका. ज्या मंडळीत पेटी वाजवणारा नाही, तिथं तुमचं गाणं त्याच ट्रॅकवर म्हटलं जाईल.

वेळेकडे आपण फार दुर्लक्ष करतो. नाताळाचं गीत २० डिसेंबरला टाकून काय उपयोग? गायकवृंदाच्या तालमी नोव्हेंबरातच सुरू होतात, घरोघरच्या फेरीची गाणी तेव्हाच ठरतात. ऑक्टोबर संपताना गाणं तयार पाहिजे. दुःखसहनाच्या काळातलं गीत जानेवारीत, लग्नाचं गीत हंगामाच्या दोन महिने आधी. आणि सांत्वनाची गीतं तर बारा महिने लागतात. मयताच्या घरी म्हणायला नवं काही नाही, ही तक्रार मी कितीतरी ठिकाणी ऐकली आहे. तिथं लिहिणाऱ्यांना मोठं काम आहे.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओची फाइल फिरवू नका, दुवा पाठवा. फाइल फिरली तर तुमचं नाव गळतं, खालचे शब्द गळतात, आणि कुणी किती ऐकलं ते तुम्हाला कळत नाही. एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येतो, आणि खूप फिरलेला मेसेज तर एकाच ठिकाणी. तेव्हा शंभर ग्रुपांत टाकण्यापेक्षा दहा गायकवृंद प्रमुखांना नावानिशी लिहा: “दादा, असं असं गीत आहे, शब्द आणि सूर सोबत आहे, तुमच्याकडं बसतंय का बघा.” दहातल्या तिघांनी म्हटलं तरी तीन मंडळ्यांत गाणं गेलं. इतके खरे श्रोते पैसे मोजून मिळत नाहीत.

एक सावधगिरी. सिनेमाच्या चालीवर प्रभूचे शब्द बसवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्या धार्मिक विधीत गाण्याला सवलत आहे. पण यूट्यूबवर टाकणं हे प्रकाशन झालं. तिथं ती सवलत गृहीत धरू नका. यूट्यूबची यंत्रणा चालही ओळखते, आणि मग गाणं बंद पडू शकतं, नाहीतर त्याची कमाई मूळ हक्कदाराकडे जाते. जुन्या पदांचं म्हणाल तर कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात, म्हणून टिळकांची पदं नव्यानं गाऊन टाकायला हरकत नाही. मात्र त्याला अलीकडच्या कुणी चाल लावली असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि दुसऱ्याचं रेकॉर्डिंग उचलू नका.

काही वडीलधाऱ्यांना वाटतं की हे सगळं म्हणजे स्वतःचा डंका पिटणं. देवाची स्तुती करायची, तर नाव कशाला? त्यांच्या भावनेचा मान राखून म्हणतो, नाव हा गाण्याचा पत्ता असतो. पत्ता नसला की कडवं चुकलं तर विचारायचं कुणाला, हेच कळत नाही. आपल्याकडची कितीतरी गीतं ‘पारंपरिक’ म्हणून छापली जातात. त्यातली काही याच भागात कुणीतरी लिहिली असणार, आणि आज त्यांच्या नातवंडांनाही ते ठाऊक नाही. दिवा मापाखाली ठेवायचा नसतो, हे आपण संडेस्कूलात शिकलो आहोत.

आता पाळकसाहेब, फादर आणि गायकवृंद प्रमुखांना विनंती. महिन्यातल्या एका रविवारी आपल्या भागातल्या माणसानं लिहिलेलं एक गीत म्हणा. शब्द आणि शिकवण आधी जरूर तपासा, दुरुस्ती सुचवा. उपासनेच्या पत्रकात गीतकाराचं नाव छापा. ज्या मंडळ्या रविवारची उपासना यूट्यूबवर दाखवतात, त्यांनी परवानगी घेऊन त्या गीताचा दुवा खाली द्यावा. यात एक पैसाही जात नाही, आणि एखाद्या मुलाला जे बळ मिळतं ते दहा हजार खोट्या व्ह्यूजनी मिळणार नाही.

शेजाऱ्यांनाही सांगतो. आमच्या गायकवृंदात तबल्याला तुमचा मुलगा बसतो, तुमच्या भजनी मंडळात पेटीला आमचा. ही देवाणघेवाण आपल्या गावांत जुनी आहे. त्या मुलांचं गाणं तुमच्या फोनवर आलं तर दोन सेकंदांत पुढं सरकवू नका, शेवटपर्यंत ऐका आणि आवडलं तर सांगा.

हे सगळं करून लाखो लोक ऐकतील असं मी म्हणत नाही. बहुतेक गाणी पाच-सातशे जणांपलीकडं जाणार नाहीत. पण येत्या नाताळात चार गावांच्या फेरीत एखादं नवं मराठी गीत म्हटलं गेलं, आणि कुणाचं आहे हे गाणाऱ्यांना माहीत असलं, तर ते गाणं पोचलं असं मी समजेन. तालमी सुरू व्हायच्या आत लिहिणाऱ्यांनी गीतं पाठवावीत आणि प्रमुखांनी ती उघडून बघावीत, एवढीच विनंती.

– एक वाचक, बेळगाव